पळवून लावणं

पुतणी बारावीला आहे. जानेवारीतल्या एका रविवारी इंग्रजीची वही घेऊन ती माझ्यासोबत वावरात आली. आमचं वावर अमळनेर तालुक्यात, तापीकाठच्या काळ्या जमिनीत. दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, कणसावर आलेली. दादरीला जमिनीतली ओल पुरते, पण राखण करावीच लागते. थंडीत भोरड्या पाखरांचे थवे उतरतात ना!

आबा माळ्यावर, म्हणजे राखणीच्या उंच मचाणावर, हातात गोफण. आम्ही दोघं बांधावर. खांबांना ताणलेली जुन्या कॅसेटची रीळ वाऱ्यावर भुणभुणत होती.

"आप्पा, स्केअर ऑफ आणि पुट ऑफ यात फरक काय?"

स्केअर ऑफ म्हणजे वर आबा करताहेत ते. शेवभाजीवरची लाल तर्री बघून पुण्याच्या पाहुण्याचा हात आखडतो, ते पुट ऑफ. तर्रीने काही त्याला भीती घातलेली नसते. (थोडी घातलेली असते.) काम उद्यावर ढकलणं हेही पुट ऑफच. त्याचं उदाहरण द्यायची गरज पडली नाही, वही कोरीच होती. वॉर्ड ऑफ म्हणजे ट्रकपुढे टांगलेलं लिंबू-मिरची. वॉर्ड शब्दाच्या मुळाशी राखणच आहे, हे सांगितल्यावर तिने वर माळ्याकडे पाहिलं.

"पण एवढ्याशा ऑफने अर्थ कसा काय बदलतो?"

आता आपलं 'लावणं' बघा. कुंकू लावतो, कुलूप लावतो, झाड लावतो. म्हणजे जवळ आणायचं, चिकटवायचं, रुजवायचं. आणि तेच लावणं कुत्र्याला पळवून लावतं, गाईला हुसकून लावतं, पोरांना पिटाळून लावतं! बरं, पाखरं नुसती उडवायची. उडवून लावायचं ते दुसऱ्याचं म्हणणं. ठिबकचा विषय आबा दोन वर्षं उडवून लावताहेत.

पुढचा शब्द निघाला स्केअर इनटू. धाक दाखवून एखादी गोष्ट करायला लावणं. इथेही लावणंच! इंग्रजीला लांब घालवायला ऑफ लागतो आणि कामाला जुंपायला इनटू. आपल्याकडे दोन्ही कामांना गडी एकच. तिने वहीत दोन बाण काढले, एक आत येणारा, एक बाहेर जाणारा.

गुण जातात ते मात्र 'देम'पाशी. पाखरांचं नाव घेतलं तर ते ऑफच्या आधी-नंतर कुठेही चालतं. देम म्हटलं की ते मधेच बसवायचं.

वरून आबा ओरडले, "इंग्रजीमा भोरड्या उडाडाले काय म्हनतस वं?"

"स्केअर देम ऑफ, आबा!"

"हाऽऽ हुर्रर्र!" गोफण सुटली. थवा उठला, एक वळसा घेऊन शेजारच्या वावरात उतरला. तिकडे लगेच पत्र्याचा डबा वाजायला लागला. पुतणीने वही मिटली आणि आबांना वर देण्यासाठी ओच्यात खडे गोळा करायला घेतले. थवा परत आमच्याकडे वळला होता.