जेलरोडवरची रात्र पहिली

माझी बहीण नाशिकरोडला, जेलरोडवर राहते. तिचा मुलगा अकरा वर्षांचा. दिवाळीत त्याला म्हटलं, "साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिलं ना, ते इथेच, नाशिकच्या तुरुंगात. १९३३ साली, अवघ्या पाच दिवसांत." तो म्हणाला, "मावशी, तुरुंगात वही देतात?"

त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही वाचायला बसलो. पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. म्हणून रोज एकच रात्र, मोठ्याने. श्याम पोहायला घाबरून लपतो आणि आई त्याला शिंपटीने मारते, तिथे हा एकदम गप्प झाला. त्यालाही पाण्याची भीती आहे. मी काही समजावलं नाही. पुन्हा वाच म्हणाला, पुन्हा वाचलं.

सगळ्याच मुलांना इथून सुरुवात करायला लावू नका, असं मला मनापासून वाटतं. नऊ-दहा वर्षांच्या चुळबुळ्या मुलाला आधी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या. फुरसुंगीचा तो बन्या आणि त्याचं 'ट्टॉक' पुरेसं आहे. तेरा-चौदाव्या वर्षी मात्र व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' हातात पडायलाच हवी. कोवळा मास्तर, मेंढरं, माणदेशातला दुष्काळ. छोटीशी कादंबरी, पण गाव उठून जातं तेव्हा माझा आवाज अजूनही फुटतो.

आमच्या एकोणीस रात्री झाल्यात. शनिवारी विसावी.