लोणारच्या तुकड्यातली काळी पट्टी

लोणार विवराच्या कडेबाहेर फेकल्या गेलेल्या मलब्यातल्या, रीतसर परवानगीने आणलेल्या तुकड्याचा घासून पातळ केलेला काप, म्हणजे सेक्शन, त्या दिवशी मायक्रोस्कोपखाली होता. साध्या प्रकाशात सगळं नेहमीच्या दख्खन बेसाल्टसारखं: पायरॉक्सिन खनिजाचे मळकट दाणे आणि त्यांच्यात प्लॅजिओक्लेज खनिजाच्या लांबट पट्ट्या. अ‍ॅनालायझर (दुसरी ध्रुवण-गाळणी, हिच्यातून काच काळी दिसते) आत सरकवला आणि पट्ट्या गडप! स्टेज पूर्ण फिरवली तरी काळ्या त्या काळ्याच. शेजारचं पायरॉक्सिन मात्र रंग दाखवत होतं.

काळं दिसलं की मस्केलिनाइट (उल्केच्या आघाताने काचेसारखं झालेलं प्लॅजिओक्लेज), असं आम्ही धरत नाही. घासताना दाणा निखळला तर तिथे उरलेला एपॉक्सी गोंदही काळाच दिसतो; त्यात बहुधा बुडबुडा किंवा कार्बोरंडम या घासायच्या भुकटीचा कण अडकलेला सापडतो. अ‍ॅनलसाइम हे खनिजही काळं, पण ते पोकळीत भरलेलं असतं. लाव्हाची मूळ काच तपकिरी, दाण्यांच्या फटींत. इथे पट्टीच्या कडा सरळ, आतून रंगहीन, पाटन (स्फटिक फुटण्याच्या सरळ रेषा) कुठेच नाही. मग रामन (लेसर टाकून द्रव्याची रचना ओळखायचं यंत्र) लावलं: 500 सेमी⁻¹ च्या आसपासची स्फटिकाची टोकदार शिखरं जाऊन काचेचा पसरट उंचवटा उरला होता. आता खात्री पटली.

सेक्शन करतानाची अडचण वेगळीच. जाडी 0.03 मिमी हवी, आणि एरवी प्लॅजिओक्लेज करडं दिसू लागलं की थांबायचं. इथे ती खूणच मेलेली. म्हणून त्याच काचेवर शेजारी साध्या बेसाल्टची चकती चिकटवून दोन्ही एकदम घासायच्या. नाहीतर हात थांबत नाही आणि सेक्शन पार उडून जातं.

अशा पट्ट्या व्हायला साधारण 30 गिगापास्कल, म्हणजे सुमारे तीन लाख वातावरणांचा दाब लागतो. स्फटिकाची रचना मोडते, बाह्य आकार टिकतो. हे द्रव्य 1872 मध्ये खनिजतज्ज्ञ चेर्माकने प्रथम ओळखलं ते 25 ऑगस्ट 1865 रोजी बिहारमधल्या शेरघाटीला पडलेल्या उल्केत, आणि ती उल्का मंगळावरची. तिच्याच जातीच्या, अंटार्क्टिकात सापडलेल्या एका उल्केतल्या काचेत अडकलेला वायू व्हायकिंग यानांनी 1976 मध्ये मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळला.

मंगळावरच्या जीवसृष्टीचा प्रश्न असेल तर मला काळ्या पट्ट्यांपेक्षा सॅपोनाइट मोलाचं वाटतं. आघाताच्या उष्णतेने तापलेलं पाणी खडकात खेळलं की ही चिकणमाती होते. मंगळावरच्या बेसाल्टमधल्या विवरांतही तसं घडलं असू शकतं. पण लोणारला दर पावसाळ्यात खडक कुजतो आणि त्याचीही चिकणमातीच होते. मंगळावर आज हवेचा दाब जेमतेम 6 मिलिबार, तिथे पाऊस नाही. त्यामुळे आघाताचीच चिकणमाती शोधायला वरचा तुकडा चालत नाही, विवराच्या तळात बोअरहोल खणून काढलेला खडकाचा गाभाच लागतो.