तुम्ही विचारलंत म्हणून: कामाचे तास मी कशात मोजते?

"इतके नेमके तास कसे काय सांगता? कुठलं अ‍ॅप आहे?" बिल पाठवलं की हा प्रश्न ठरलेला. मी गोव्यात, फोंड्याला घरी बसून भाषांतरं करते. काही कामं शब्दांवर, काही तासांवर. बिलात "२ तास ३५ मिनिटं" दिसलं की लोकांना वाटतं, बाईंनी काहीतरी महागडं विकत घेतलंय.

काही घेतलेलं नाही. पूर्वी तास दारामागच्या कॅलेंडरवर लिहायचे, दुधाच्या हिशेबाशेजारीच. महिनाअखेरीला चौकटीतला '३' म्हणजे तीन तास की तीन पिशव्या, हे मलाच कळेना.

लिहायला मी इमॅक्स वापरते. १९८५ पासून चालत आलेला, फुकट आणि दिसायला अगदीच रुक्ष एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्राम. कामांच्या याद्या त्याच्याच ऑर्ग मोडमध्ये, म्हणजे याद्या-टिपणांसाठीच्या सोयीत, ठेवायचे. तास मोजायला मात्र वेगळं अ‍ॅप हवं, असंच डोक्यात होतं. एका पावसाळ्यात दुपारभर नेट गेलं, अ‍ॅप शोधणं राहिलं, म्हणून इमॅक्समध्येच असलेलं मॅन्युअल उघडलं: कंट्रोल धरून एच, मग नुसता आय. ऑर्गच्या मॅन्युअलमध्ये जाऊन पुन्हा आय दाबला की सूची शोधता येते. तिथे 'क्लॉकिंग' टाइप केलं, तर कामाचा वेळ मोजण्यावर अख्खा भाग! आठ वर्षं मी त्याच्यावर बसून होते.

यादीतल्या ज्या कामावर कर्सर आहे, त्यालाच घड्याळ लागतं. कंट्रोल धरून सी, एक्स, आय. थांबवायचं तर शेवटी आयच्या जागी ओ. कामाखाली एक ओळ उमटते: कधी सुरू, कधी बंद, मधे किती वेळ. साधा मजकूर, चुकला तर हाताने सुधारा. 'ऑर्ग क्लॉक रिपोर्ट' ही आज्ञा दिली की सगळ्याची बेरीज तक्त्यात येते.

खरी अडचण विसरण्याची. संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंक-पोंक ऐकू आला की मी तशीच उठून दारात जाते. तिथे शेजारच्या वैनी भेटतात, पाव गार होतात आणि घड्याळ आत चालूच. यावरही मॅन्युअलमध्ये तोड निघाली. 'ऑर्ग-क्लॉक-आयडल-टाइम' या सेटिंगमध्ये मी १० घातलेत. दहा मिनिटं काही हालचाल नसली, तर परत आल्यावर इमॅक्स विचारतो, या रिकाम्या वेळाचं काय करू? के दाबायचं आणि किती मिनिटं धरायची ते सांगायचं. (शून्य. वैनींचे पैसे पक्षकाराने का द्यावेत?) लाईट जाऊन मशीन बंद पडलं तरी फाइल सेव्ह केलेली असली की झालं. पुढच्या वेळी घड्याळ लावताना तो अर्धवट राहिलेली नोंद समोर ठेवतो.

पण मला धक्का दिला तो तक्त्याने. इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांतल्या वाटपाची कागदपत्रं माझ्याकडे बरीच येतात. पानाला अर्धा तास, असा माझा अंदाज. एका कामाचे मी दोन भाग करून घड्याळ लावलं: 'भाषांतर' आणि 'नावं जुळवणे'. भाषांतर अंदाजात बसलं. नावांनी त्याहून जास्त वेळ खाल्ला! एकच आजोबा एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यात एका स्पेलिंगने, जन्मदाखल्यात दुसऱ्या, विक्रीखतात तिसऱ्या. ते तिघे एकच, याची खात्री करण्यात सकाळ जायची, आणि मी ती कितीतरी वर्षं फुकट देत होते.

आता 'नावं जुळवणे' ही ओळ बिलात वेगळी असते. कुणी घासाघीस केली, तर फाइलमधल्या तारीख-वेळेच्या ओळी जशाच्या तशा पाठवून देते.