पडदा नेमका कुठला?

आईला शुगर आहे, त्यामुळे वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासायला नौपाड्यात न्यावं लागतं. यावेळी रिक्षात बसल्यापासून गप्पच. थेंब घातले आणि बाहुल्या मोठ्या व्हायची वाट बघत बसलो, तेव्हा हळूच म्हणाली, "अरे, शेजारच्या काकूंचा पडदा काढला तेव्हापासून त्यांना कसं स्वच्छ दिसतं. माझापण काढून टाकायला सांग ना, दरवर्षीची कटकट जाईल."

आता काय बोलणार! काकूंचा मोतीबिंदू काढलाय, तो पुढे, भिंगात. आईचा पडदा मागे, तो काढला तर संपलंच की सगळं. पण तिची तरी काय चूक, मोतीबिंदू झाला की लोक म्हणतात डोळ्यावर पडदा आलाय, आणि डॉक्टर रेटिनालाही पडदाच म्हणतात.

शाळेच्या पुस्तकात त्याला दृष्टिपटल होतं. बाहेरचं पांढरं ते श्वेतपटल, मधलं रंजितपटल, आतलं दृष्टिपटल, पाठ केलं आणि विसरलो. एरवी पटल म्हटलं की मला विधानसभाच आठवते, अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला वगैरे. पण डोळ्यातलं पटल म्हणजे थर, आईच्या भाषेत कांद्याचा पापुद्रा. सुश्रुतसंहितेत अशी सहा पटलं सांगितलीत, दोन पापण्यांची आणि चार आतली, आणि आजार एकेक पटल ओलांडत आत शिरतो तशी नजर जात जाते असा तो हिशोब. आजचं दृष्टिपटल तर अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड नाही आणि त्यातही पुन्हा दहा थर मोजतात, कोणी मोजले असतील कोण जाणे!

हे सगळं आईला सांगून उपयोग नव्हता. मग मला गडकरी रंगायतन सुचलं. म्हटलं, नाटकाचा पडदा पुढे असतो, तो वर गेल्याशिवाय काही दिसत नाही, तो काकूंचा. थेटरातला पडदा मागे असतो, त्याच्यावर चित्र पडतं, तो तुझा. फक्त तुझ्यावर चित्र उलटं पडतं, मेंदू ते सरळ करून घेतो. यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

पडदा नॉर्मल निघाला. काळा गॉगल लावून, माझा हात धरून तलावपाळीवरून चालताना तिने मावशीला फोन लावायला लावला आणि ठणकावून सांगितलं, "काही काढायचं नाहीये गं. माझा सिनेमाचा आहे, तिचा नाटकाचा होता."