बाबांच्या लॅपटॉपची ४८ आकडी किल्ली आणि माझे अकरा दिवस

विंडोज १० चा फुकटचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे मला कधीचं माहीत होतं, पण बाबांच्या लॅपटॉपला हात लावायला वेळ मिळत नव्हता, मग दसरा झाला की बसू असं ठरलं आणि ४ तारखेला शनिवारी संध्याकाळी मी तो पुढ्यात घेतला. २०१९ चा लॅपटॉप, आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, म्हणजे विंडोज ११ ला चालणारा. मायक्रोसॉफ्टचं तपासणीचं अ‍ॅप टाकून बघितलं, सगळं हिरवं आलं. फक्त लॅपटॉप कंपनीचं बायोसचं (विंडोजच्या आधी चालू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) एक अपडेट राहिलेलं होतं, म्हटलं मोठं काम करायच्या आधी हे उरकून घेऊ, पेनड्राइव्हवरून ते टाकलं, लॅपटॉप रीस्टार्ट झाला आणि विंडोज उघडण्याऐवजी निळा पडदा आला. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, त्याची रिकव्हरी की टाका म्हणे. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकूण ४८ आकडे.

बाबा शेजारीच चहा घेत बसले होते. मी विचारलं, "बाबा, तुम्ही कधी अशी लांबलचक किल्ली कुठे लिहून ठेवलीय का?" ते म्हणाले, "कसली किल्ली गं? मी तर चार आकड्यांचा पिन टाकतो आणि उघडतं." आणि ते खरंच होतं, सहा वर्षं त्यांनी पिनशिवाय काही टाकलंच नव्हतं.

हे का होतं ते आधी सांगते, कारण मलाही त्या रात्री वाचूनच कळलं. बऱ्याच लॅपटॉपवर विंडोजच्या होम एडिशनमध्येसुद्धा डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाची गोष्ट असते (बिटलॉकरचंच सोपं रूप, डिस्कवरचं सगळं किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करून ठेवणारं), मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा साइन-इन केलं की ती आपोआप चालू होते आणि तिची किल्ली त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. रोज ती विचारत नाही कारण मदरबोर्डवरची टीपीएम चिप सगळं जागच्या जागी आहे हे बघून कुलूप स्वतःच उघडते. बायोस बदललं की चिपला काहीतरी वेगळं वाटतं आणि ती किल्ली मागते. चोराने डिस्क काढून नेली तर त्याला काही वाचता येऊ नये म्हणून ही सोय आहे, आणि सोय चांगलीच आहे, मी अजूनही ती चालूच ठेवलीय. पण किल्ली हरवली तर ती मायक्रोसॉफ्टलाही नव्याने काढून देता येत नाही. फॉरमॅट करायचं आणि डेटा सोडून द्यायचा.

आणि डेटा म्हणजे काय, तर बाबांनी चार वर्षं बसून मराठीत टाइप केलेला आमच्या घराण्याचा इतिहास, पणजोबा होळकरांच्या नोकरीत इंदूरला कसे आले तिथपासून, एकशे ऐंशी पानं, आणि आजीच्या ट्रंकेतले स्कॅन केलेले फोटो. बॅकअप होता तो एका पेनड्राइव्हवर २०२२ चा. म्हणजे तीन वर्षांचं काम त्या निळ्या पडद्यामागे.

किल्ली शोधायला दुसऱ्या कुठल्याही फोनवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन डिव्हाइसेसमध्ये बघायचं, तिथे रिकव्हरी की दिसतात. माझ्या अकाउंटमध्ये बघितलं, नाही. बाबांचं एक जुनं अकाउंट होतं त्यात बघितलं, नाही. दादाचं बघितलं, नाही. रात्री साडेबाराला बाबाच अंथरुणातून उठून आले आणि म्हणाले, "अगं, त्या स्टार्टच्या मेनूत दुकानाचं नाव यायचं बघ, मला वाटायचं ती दुकानाची जाहिरात आहे."

ती जाहिरात नव्हती. लॅपटॉप आरएनटी मार्गावरच्या एका दुकानातून घेतला होता, दुकानवाल्यानेच सेटअप करून दिला होता आणि सेटअप करताना स्वतःचं दुकानाचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट टाकून दिलं होतं!

मग सोमवारी, कोजागिरीचा दिवस, ऑफिसातून हाफ-डे टाकून दुकानात गेले. दिवाळीची गर्दी, काउंटरवर तीन गिऱ्हाइकं, मालक म्हणतो, "मॅडम, सेटअप तो लडके करते है, हमको क्या पता. फॉर्मॅट करवा लो, आठ सौ लगेंगे, डेटा तो जाएगा." इतक्या सहज. मी म्हटलं डेटासाठीच आलेय, तर म्हणतो की अपडेट करायचंच नव्हतं, अपडेटनेच मशीन बिघडतात. याचा मला खरा राग आला कारण हे ऐकून ऐकून आपल्याकडे अर्धे लोक अपडेट बंद करून बसतात. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलं होतं, दोन महिने आधी, ज्यांनी ते टाकलं होतं त्यांच्यात तो त्या भोकातून शिरू शकला नाही. माझ्या केसमध्ये अपडेटने काहीच बिघडवलं नव्हतं, कुलूप बरोबर चाललं होतं, किल्ली याच्या खिशात होती आणि याला ते माहीतही नव्हतं.

गुरुवारी फोन केला, तर ज्या मुलाने तेव्हा सेटअप केला तो नोकरी सोडून गेला म्हणे, देवासला. त्याचा नंबर मागितला तर देतो-देतो करत शनिवारी दिला, तोही मी परत दुकानात जाऊन उभी राहिले तेव्हा. मुलगा मात्र चांगला निघाला. फोनवर म्हणाला, "दीदी, सब लॅपटॉप एकही आयडी से होते थे, कस्टमर के पास ईमेल नही रहता था ना." पासवर्ड मालकाच्या ड्रॉवरमधल्या लाल डायरीत आहे, आणि ओटीपी मालकाच्या घरच्या नंबरवर जातो, दुकानाच्या नाही. डायरी निघाली. पासवर्डही चालला. पण ओटीपीचा फोन मालकाच्या बायकोकडे, आणि त्या उज्जैनला माहेरी. मी म्हटलं फोन करून ओटीपी विचारा, तर दुकानदार म्हणे घरच्यांना अशा कामात घालत नाही, दोन दिवस थांबा. दोनाचे चार झाले. १४ तारीख तशीच गेली, त्या दिवशी विंडोज १० ला शेवटचं नेहमीचं अपडेट आलं आणि आमचा लॅपटॉप टेबलावर बंद पडलेला. बाबा काही बोलत नव्हते, पण रोज सकाळी टाइप करायच्या वेळेला त्या टेबलाशी येऊन पेपर वाचत बसायचे, ते मला बघवत नव्हतं.

मध्येच आठवलं म्हणून सांगते, निळ्या पडद्यावर किल्लीच्या रकान्याबरोबर एक की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं फोनमध्ये फोटो काढून ठेवा. मी काढला होता म्हणून पुढे निभावलं.

बुधवारी १५ ला दुपारी फोन आला, "आ जाओ." गेले. माझ्याच फोनवर इन्कॉग्निटो विंडोत त्याने लॉगिन केलं, म्हणजे त्याचं अकाउंट माझ्या फोनमध्ये साठून राहायला नको (इन्कॉग्निटोचा उपयोग एवढाच, आपल्या मशीनवर हिस्ट्री आणि कुकीज राहत नाहीत, नेटवर्कवाल्यापासून किंवा त्या साइटपासून काही लपत नाही). एक ओटीपी लॉगिनला, दुसरा किल्ल्यांचं पान उघडायला. आणि ते पान उघडलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तेवीस लॅपटॉप. तेवीस घरांच्या किल्ल्या एका दुकानाच्या अकाउंटमध्ये, ज्याचा पासवर्ड कुलूप नसलेल्या ड्रॉवरमध्ये. नावं सगळी कंपनीने दिलेली, अक्षर-आकड्यांची, त्यावरून ओळखायचं कसं? तिथे तो की आयडी कामाला आला, एकेक जुळवत गेले, सतरावा आमचा.

घरी येऊन मी एकेक आकडा टाकत गेले आणि बाबा फोनवरून वाचत होते, प्रत्येक सहानंतर "झालं?" असं विचारून. शेवटचा गट टाकला, एंटर दाबलं, गोल फिरलं आणि बाबांचा वॉलपेपर आला. बाबांनी आधी ती एकशे ऐंशी पानांची फाइल उघडून शेवटचं पान बघितलं, मग डोळे पुसले. मी त्यांना हात लावू दिला नाही, आधी सगळं एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी केलं.

मग किल्ली बदलणं. दुकानाचं अकाउंट काढून बाबांचं स्वतःचं टाकलं, पण नुसतं एवढं करून भागत नाही, कारण जुनी किल्ली दुकानाच्या अकाउंटमध्ये तशीच राहते आणि चालते. डिव्हाइस एन्क्रिप्शन एकदा बंद करायचं, डिस्क पूर्ण उघडू द्यायची, मग परत चालू करायचं, तेव्हा नवीन किल्ली बनते आणि आपल्या अकाउंटमध्ये जाते. याला वेळ लागतो, चार्जर लावून ठेवा. बायोसचं अपडेट टाकायच्या आधीही हेच करायला हवं होतं, बंद करायचं, काम झालं की चालू. विंडोज ११ दुसऱ्या दिवशी आपलं आपण टाकलं गेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ब्राउझरची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. बाबा एज वापरतात, आणि एज विंडोजच्या अकाउंटनेच स्वतःहून साइन-इन झालेलं होतं, वर सिंकही चालू, म्हणजे त्या अकाउंटच्या सगळ्या मशीनवर फेवरिट्स आणि पासवर्ड सारखेच. बाबा पूर्वी म्हणायचे की फेवरिट्समध्ये कुठल्यातरी कोचिंग क्लासची आणि साडीच्या दुकानाची साइट येते, मी कधी लक्ष दिलं नाही. ती त्याच दुकानाच्या दुसऱ्या कुणा गिऱ्हाइकाची होती! म्हणजे बाबांनी सेव्ह केलेले वीजबिलाचे, पेन्शनचे पासवर्ड तिकडे गेले असणार असं धरूनच चालावं लागतं. त्या रात्री सगळे पासवर्ड बदलले, बँकेचा आणि ईमेलचा सगळ्यात आधी, दोन्हीकडे टू-स्टेप लावलं. आणि ते सतत येणारे "व्हायरस मिला" वाले चौकोन, ते व्हायरस नसतात, कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये साइट परमिशन्समध्ये जाऊन काढून टाकायची, बाबांच्या एजमध्ये अशा अकरा होत्या.

तुमचा लॅपटॉप दुकानातून सेटअप होऊन आला असेल तर आजच सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग युवर इन्फो उघडून ईमेल कुणाचा आहे ते बघा. तुमचा नसेल तर बाकी सगळं सोडून ते आधी करा. नवा घेतला असेल तरी बघा, विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून हे एन्क्रिप्शन आणखी जास्त मशीनवर आपोआप चालू होतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या चुकीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडल्या, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, तेव्हाही अनेक ठिकाणी दुरुस्ती अडली ती याच ४८ आकड्यांपाशी. आणि लॅपटॉप जुना असेल, विंडोज ११ चालत नसेल, तर विंडोज १० ची सुरक्षेची अपडेट्स वाढवून घेता येतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर आपल्याकडे पैसेही लागत नाहीत. पण परत तेच, अकाउंट स्वतःचं हवं.

बाबांनी नवी किल्ली कागदावर लिहून गोदरेजच्या कपाटात घराच्या कागदांबरोबर ठेवलीय. दुकानवाल्याला मी त्याच दिवशी सांगितलं होतं की उरलेल्या बावीस जणांना फोन करा, त्यांचं अकाउंट बदलून द्या, बिलबुकात नंबर आहेत. तो म्हणाला दिवाळीनंतर बघतो. दिवाळी झाली, देवदिवाळी झाली. परवा तिकडून जाताना आत जाऊन विचारलं. अजून एकालाही फोन गेलेला नाही. शुक्रवारी मी परत जाणार आहे, बिलबुक घेऊन बसायला, फोन मीच करीन म्हटलंय त्याला.