तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापूरचा माणूस पावसाच्या जंगलात तंबू घेऊन कशाला जातो?

"तुम्ही आपले सोलापूरचे, तिकडं कर्नाटकात त्या धो धो पावसाच्या जंगलात तंबू घेऊन कशाला जाता ओ, आणि जळवा चावत नाहीत का?" लग्नात, ऑफिसात, गड्ड्याच्या जत्रेत, कुठंही ओळखीचं माणूस भेटलं की हा प्रश्न ठरलेला आहे. एकदा नीट लिहूनच टाकतो.

जळवांचं आधी, कारण बऱ्याच जणांचं जाणं तिथंच अडतं. चावतात. ओल्या पानांवर, पायवाटेच्या कडेला उभ्या राहून डोलत असतात, आपल्या पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वास यावरनं त्यांना कळतं आणि त्या येतात. चावल्याचं कळतसुद्धा नाही, नंतर रक्त थोडा वेळ वाहत राहतं कारण त्यांच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. लीच सॉक्स मिळतात, घट्ट विणीच्या कापडाचे, गुडघ्यापर्यंत, पँट आत खोचून वरनं घालायचे. लागलीच तर ओढायची नाही, नखानं तोंडाकडनं हळू सरकवून काढायची, जखम धुवायची, चालायला लागायचं. बास, एवढंच प्रकरण आहे आणि एवढ्यासाठी घरी बसू नका.

आता कशाला जातो ते. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि कर्नाटकच्या घाटातल्या आगुंबे गावाला ७,००० मिलिमीटरच्या वर. विजापूर, हुबळी, शिमोगा, तीर्थहळ्ळी करत दिवसभर गाडी हाकली की माणूस एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाला पोचतो, आणि दोन्हीमागं कारण एकच, सह्याद्री. अरबी समुद्रावरनं आलेले ढग घाट चढताना वर जातात, गार होतात आणि तिथंच रिकामे होतात, आपल्याकडं येईपर्यंत उरतं काय. आपण ज्याला दुष्काळ म्हणतो आणि ते ज्याला पाऊस म्हणतात ते एकाच डोंगराच्या दोन बाजूंचं आहे. आपण एक बाजू जन्मभर बघितलेली असते, मग दुसरी बघायला नको का?

जंगलात शिरलं की पहिल्यांदा उजेड कमी होतो. वर झाडांचे शेंडे एकमेकांत घुसलेले, खाली दुपारी संध्याकाळ. मोठमोठ्या झाडांना बुडाशी भिंतीसारख्या रुंद मुळ्या फुटलेल्या. आणि ऐका, आपल्या काळ्या रानातल्या माणसाला सगळ्यात जास्त नवल वाटावं अशी गोष्ट पुढंच आहे. एवढं दाट जंगल म्हणजे जमीन सोन्यासारखी असणार असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतंय. एवढा पाऊस जमिनीतलं सत्त्व धुऊन नेतो. पान पडलं की बुरशी, वाळवी, किडे लगेच कामाला लागतात आणि त्यातलं जे काय असेल ते मुळं परत ओढून घेतात, म्हणजे सुपीकपणा मातीत कमी आणि झाडांत जास्त. झाडं तोडली की तो गेला, उरलेली माती पुढच्या पावसात जाते. आपल्याकडं हातभर खोल काळी माती आणि पाणी नाही, तिथं पाणीच पाणी आणि माती अशी. हे पायाखाली बघितल्याशिवाय खरं वाटत नाही.

चालायचं मात्र हळू. फोटो काढून तासाभरात परत येणाऱ्यांना हिरवा रंग सोडून काही दिसत नाही. दहा मिनिटं एका जागी गप उभं राहिलं की शीळकरी कस्तुराची शीळ येते, एखादा शेकरू वरनं झेप टाकतो, धनेशाच्या पंखांचा आवाज येतो. आगुंबे किंग कोब्रासाठी प्रसिद्ध आहे, सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये तिथं संशोधन केंद्र सुरू केलं. पालापाचोळा गोळा करून अंड्यांसाठी घरटं बांधणारा साप म्हणजे हाच, आणि खातो बहुतेक दुसरे सापच. दिसलाच तर लांब थांबा, तो आपल्या वाटेनं जातो.

तंबूचं स्पष्ट सांगतो, त्याच घाटातल्या कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानाच्या आत मुक्काम करायला परवानगी नाही आणि नसलेलीच बरी. ट्रेकची परवानगी वनखात्याकडनं आधी काढायची, संध्याकाळच्या आत खाली उतरायचं आणि तंबू होमस्टेवाल्यांच्या अंगणात, सुपारीच्या बागेकडेला टाकायचा. जंगल तिथनं काही फार लांब नसतं. रात्री बेडकांचा आवाज एवढा की शेजारच्याशी मोठ्यानं बोलावं लागतं. पाऊस थांबला तरी पानांवरनं थेंब पडतच राहतात. आणि पावसाळी ओल असेल तर टॉर्च बंद करून डोळे अंधाराला सरावू द्या, कुजलेल्या ओंडक्यावरची बुरशी कधीकधी मंद हिरवी चमकते, आम्ही बघितली तेव्हा कुणी बराच वेळ बोललंच नाही.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते वरचं, कुद्रेमुखचं. १,८९४ मीटरचं शिखर, मुळ्ळोडी गावातनं चढायचं, दिवस जातो. वर गेलं की जंगल एकदम संपतं आणि नुसतं गवत, टेकड्यांमागनं टेकड्या, आणि घळीघळीत तेवढी झाडांची दाट बेटं, त्यांना शोला म्हणतात. बरोबरचे लोक हमखास विचारतात, इथली झाडं कुणी तोडली? कुणी तोडली नाहीत ओ. वारा लागतो तिथं गवत आणि आडोशाला, ओलीला झाड, हे तिथलं मूळचंच आहे. हेच गवत आणि शोला पाणी धरून ठेवतात, तुंगा, भद्रा आणि नेत्रावती तिन्ही नद्या याच डोंगरांतनं निघतात. इथं लोखंडाची मोठी खाण होती, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं ती २००५ च्या शेवटी बंद झाली, आणि मला मनापासून वाटतं की फार चांगलं झालं.

आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ बघून पण लोक असंच म्हणतात की, पडीक आहे, झाडं लावा. तिथं काळवीट, लांडगे गवतावर जगतात, माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ पासून आहे ते त्या गवतासाठीच, आणि तिथं झाडं लावणं म्हणजे त्यांचं घर मोडणं. कुद्रेमुखच्या गवतात उभं राहिलं की मला नान्नज आठवतं, आणि ज्याला आपला माळ कळला त्याला तो डोंगर पण लवकर कळतो असं माझं ठाम मत आहे.

सामानाचं थोडं. सोलापुरी चादर घरीच ठेवा, सुती आहे, ओल धरली की वाळत नाही आणि वजन होतं ते वेगळंच. चटकन वाळणारे कपडे, एक जोडी प्लॅस्टिकमध्ये कोरडी, ती फक्त झोपताना. कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या पण घट्ट झाकणाच्या डब्यात, तिथल्या हवेत भाकरी संध्याकाळपर्यंत वातड होते. कन्नड येत असेल तर सोन्याहून पिवळं, आणि आपल्याकडं निम्म्या घरांत येतंयच की, मलनाडचा, म्हणजे त्या घाटाकडच्या भागाचा, ढंग वेगळा आहे तरी माणसं लगेच मोकळी होतात.

पोरं, आईवडील बरोबर असतील तर कुद्रेमुखच्या मागं लागू नका, आगुंब्यालाच दोन रात्री राहा. जाताना ऑक्टोबर धरा, पाऊस उतरलेला असतो, ओढे भरलेले असतात, जळवा पण कमी. दसरा-दिवाळीच्या सुट्टीत गर्दी होते, परवानगी आणि राहायचं आधी बघून ठेवा.