रेनट्रीवरचं ‘बांडगूळ’

“ताई, आमच्या रेनट्रीला बांडगूळ लागलंय. झाड खाऊन टाकेल. पावसाच्या आत काय ते उरका.” पार्ल्याच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका फोनवर अगदी घायकुतीला आले होते. सोसायट्यांच्या बागा सांभाळणं हा माझा धंदा, त्यामुळे मे महिन्यात असे फोन नेहमीचेच.

जाऊन बघते तर खोड दुसऱ्या मजल्यापर्यंत पानांनी झाकलेलं. वरची पानं चांगली दोन-दोन फूट लांब, पिवळ्या फराट्यांची, कडेपासून मधल्या शिरेकडे चिरत गेलेली. खाली कमिटीचं चर्चासत्र भरलेलं. कुणी मॉन्स्टेरा म्हणत होतं, कुणी कोकणातली रानवेल. मी म्हटलं, मनीप्लांट आहे. सगळे हसले. “अहो, मनीप्लांट आमच्या किचनच्या खिडकीत आहे की. तळहाताएवढं पान असतं त्याचं!”

नुसतं सांगून पटणार नव्हतं. मी बुंध्याजवळचा पाला बाजूला केला. मातीलगत तीच ओळखीची, बदामाच्या आकाराची छोटी पानं. त्याच दांड्यावर बोट ठेवून वर जात राहिले. खांद्याच्या उंचीवर पान ताटाएवढं झालं, आणखी वर चिरा सुरू झाल्या. चिरांच्या कडा गुळगुळीत, म्हणजे वाऱ्यानं फाटलेलं नव्हतं काही. एका ठिकाणी वेलीच्या फांदीचा खोडाला धरलेला हात सुटला होता आणि ती खाली लोंबत होती. तिची पानं पुन्हा लहान! काका चष्मा वर करून दोनदा बघून गेले. या वेलीला काहीतरी धरून वर चढायला मिळालं तरच ती वयात येते. बाटलीत किंवा टांगत्या कुंडीत ती जन्मभर लहानच राहते.

आता बांडगुळाचं. बांडगूळ झाडाच्या आत शिरून त्याचा रस पितं. हिच्या पेरापेरांतून निघालेल्या आखूड मुळ्या सालीला नुसत्या चिकटून असतात. दुसऱ्या लांब, दोरीसारख्या मुळ्या सरळ खाली मातीत जातात आणि पाणी वर आणतात. झाडाचं ती काही खात नाही. तरीही मी ती काढायच्याच बाजूची होते. मुंबईतले किती रेनट्री पिठ्या ढेकूण या किडीनं गेले. अशा झाडाची साल डोळ्यांना दिसायला हवी. शिवाय पावसात भिजलेल्या त्या पाल्याचं ओझं, आणि झाड रस्त्याकडे कललेलं.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, “हिला फूल कसं नाही हो येत?” प्रश्न फक्कड होता. ही मूळची प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटाची, आपल्या अळू-सुरणाच्या कुळातली. पण फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तिच्या अंगात नीट तयारच होत नाही. जनुकातच खोट आहे, असं २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. आपोआप फुलल्याची शेवटची नोंद १९६४ ची. तेव्हा जगभर पसरली आहे ती तुकड्या-तुकड्यांनी.

कापायचं काम म्हणाल तर, ओली वेल ओढून काढली की सालीचे टवके निघतात. म्हणून कमरेच्या उंचीवर खोडाभोवतीचे सगळे दांडे कापले आणि हातभर मोकळी पट्टी सोडली. लोंबत्या मुळ्याही शोधून शोधून तोडल्या, एक जरी राहिली तरी वरचा पाला जगतो. चढणारा आमचा माणूस हाफ बाह्यांचा शर्ट घालून आला होता. अर्ध्या तासात दंड खाजवत खाली! चीकच तसा असतो, अळूसारखेच ऑक्सलेट या क्षाराचे सुईसारखे टोकदार, अगदी बारीक स्फटिक. साबणानं खसाखसा धुतलं, खोबरेल लावलं आणि मग माझा फुल बाह्यांचा कोट चढवून तो पुन्हा वर गेला.

वरचा पाला वाळायला वेळ लागतो, हे मी कमिटीला आधीच बजावलं, नाहीतर आठवड्यात फोन येतो, “ताई, अजून हिरवंच आहे!” खाली पडलेला प्रत्येक तुकडा गोणीत भरला. पेर असलेला तुकडा मातीला टेकला की रुजलाच.

एवढं करून वॉचमनच्या खुर्चीमागे दोन दांडे दडवलेले सापडले. “बायकोला पाहिजे होतं, ताई.” म्हटलं, ने, पण कुंडीत लाव आणि लोंबतं ठेव. भिंत, खांब, झाड काही धरू देऊ नकोस.